पाठारे मॅडम आणि बेटावरचं गवत

धरण झालं तेव्हा आमच्या आजोबांची भातखाचरं पाण्याखाली गेली. बदल्यात उतारावरची मुरमाड जमीन मिळाली. तिच्यात नाचणी कशीबशी यायची, भात यायचाच नाही. सगळा आंदर मावळ भाताचा, आणि आमच्या घरात तांदूळ कामशेतच्या बाजारातून यायचा, तोही कणी. दादा, म्हणजे माझे वडील, लोणावळ्याच्या बंगल्यांमध्ये बागा झाडायला जायचे. आई उन्हाळ्यात करवंदं-जांभळं पळसाच्या द्रोणांत भरून हमरस्त्याला उभी राहायची. गाडीची काच खाली यायची, घासाघीस व्हायची, काच वर जायची. त्या काचेत आईला स्वतःचं तोंड दिसायचं, असं ती हसून सांगायची. मला हसू यायचं नाही.

मी बी.एस्सी. झाले. वाडीतली पहिली पदवीधर. हे मी आजही मिरवते. पण पदवी घेऊन मी लोणावळ्यात एका दुकानात चिक्की तोलत होते. "बाई शिकली आन् गूळ तोलती," असं वाडीतले लोक म्हणायचे. त्यात खोटं काही नव्हतं.

अशात कळलं, की धरणातल्या बेटावर तीन विद्यापीठं मिळून एक संशोधन केंद्र काढणार आहेत, आणि त्यांना स्थानिक सहायक हवा आहे. बेट म्हणजे आमच्या वाघजाईच्या टेकडीचा माथा. पाणी चढलं तेव्हा टेकडी बुडाली, माथा तेवढा वर राहिला. एका अंगाला देवीची राई, बाकी सगळा उघडा कातळ. कातळावर बोटभर माती. त्या बोटभर मातीत पावसाळ्याअखेरीस जी फुलं येतात त्यांतली काही दुसरीकडे कुठं फारशी सापडत नाहीत, म्हणून विद्यापीठांना ते बेट हवं होतं. विद्यापीठांची नावं मी लिहीत नाही. एक घाटावरचं, एक घाटाखालचं, एक लांबचं, एवढं पुरे.

मुलाखत तळेगावात होती. टेबलापलीकडे पाच-सहा जण, आणि मधोमध एक बुटक्या बाई. पुरुषी शर्ट, त्याला चार खिसे, चारही फुगलेले. त्या डॉ. शैलजा पाठारे. गवतांच्या अभ्यासक, आणि होऊ घातलेल्या केंद्राच्या प्रमुख. नोकरीची सगळी वर्षं त्या या केंद्रासाठी खेटे घालत होत्या, हे मला नंतर कळलं.

"कुठल्या तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"लोणावळ्याजवळची."

"लोणावळ्याजवळ खंडाळाही आहे. गावाचं नाव सांगा की."

मी वाडीचं नाव सांगितलं. मग त्यांनी खिशातून वाळलेल्या गवताची एक काडी काढून माझ्यासमोर धरली. "हे काय?"

मी उलटसुलट करून पाहिली. "माहीत नाही."

"अंदाज?"

"अंदाजही नाही."

"ठीक. सोमवारपासून या." शेजारचे सर काहीतरी कुजबुजले, तेव्हा त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, बाकीच्यांनी मला पाच वेगवेगळी नावं सांगितली. पाचही चूक. आता त्यांच्या डोक्यातली पाच नावं काढत बसू का मी?"

हळू बोलणं त्यांना जमायचंच नाही. गुपित म्हणून सांगितलेली गोष्टसुद्धा धरणाच्या भिंतीपर्यंत जायची. आणि सगळ्यांना अहो-जाहो. मला सविताताई, होडीवाल्या किसनभाऊंना किसनराव, वाडीतल्या शेंबड्या पोरांनाही "काय म्हणता गणपतराव". सुरुवातीला मला ओशाळल्यासारखं व्हायचं. मग सवय झाली, आणि घरी गेल्यावर कुणी "ए सवे" म्हटलं की राग यायला लागला.

एक गोष्ट मात्र कुणाला पटली नसती. बेटावर केंद्र काढायला निघालेल्या या बाईंना पाण्याची विलक्षण भीती होती. होडीत पाय टाकला की त्या डोळे घट्ट मिटायच्या, एका हातानं फळी आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट धरायच्या आणि गवतांची शास्त्रीय नावं म्हणायला लागायच्या. मोठमोठ्यानं, स्तोत्र म्हटल्यासारखी. किसनभाऊ वल्हं मारता मारता मान डोलवायचे.

"बाई, आज लय हळू म्हंताय. वारं हाय, मला टाइम लागंल. अजून पाच-धा गवतं काढून ठिवा."

"किसनराव, गप वल्हवा. डोळे उघडले तर मी इथंच मरेन."

"मरू नगा. मागच्या खेपंचं पैसं कोन देनार?"

काठ लागला की त्या डोळे उघडायच्या, चपला होडीत ठेवायच्या आणि अनवाणी उतरायच्या. राईत आम्ही कुणी चप्पल घालत नाही, पण कातळावर घालतो. त्या कातळावरही घालायच्या नाहीत. तापलेल्या दगडावर टुणटुण उड्या मारत जायच्या. मी एकदा म्हटलं, "मॅडम, कातळावर चालतं चपलेचं." तर म्हणाल्या, "देवीचं नाही हो, मातीचं. चपलेची टाच रुतली की एक कंद गेला." त्यांचे तळवे दर उन्हाळ्यात सोलून निघायचे. संध्याकाळी त्या आमच्या ओट्यावर बसून तळव्यांना तूप लावायच्या आणि आईशी दुधाच्या फॅटवर बोलायच्या. आईला आधी वाटलं होतं, मोठ्या लोकांशी काय बोलायचं. पण मॅडमना गप्पांचा विषय लागायचाच नाही. त्या म्हशीपासून सुरू करायच्या आणि कुठंही जायच्या.

केंद्र कुठं आणि केवढं, यावरून विद्यापीठांत जुंपली. घाटाखालच्या विद्यापीठाच्या सबनीस सरांनी दुमजली इमारतीचा नकाशाच आणला होता. खाली प्रयोगशाळा, वर सभागृह, मागं पाहुण्यांच्या खोल्या. सबनीस सर माणूस चांगला, कपड्यांना कायम इस्त्री. मॅडमनी नकाशा पाहिला आणि त्यांचं नेहमीचं वाक्य टाकलं, "आधी जाऊन बसू. मग बोलू."

सप्टेंबरात सगळी समिती बेटावर नेली. कातळ फुललेला. सीतेची आसवं जांभळी, गेंदाचे पांढरे ठिपके, मधेच काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढी कसली कसली फुलं. लांबून बघितलं तर ओला दगड दिसतो, वाकून बघितलं की गर्दी.

"सबनीस सर, सभागृह कुठं? बोट दाखवा."

"ते तिकडे. मोकळं आहे ते."

"चला."

तिथं गेलो. मोकळं नव्हतंच. सबनीस सर पाय कुठं ठेवावा म्हणून एका पायावर उभे राहिले.

"बरं, मग त्या टोकाला."

"चला."

टोकालाही तेच. असं तीन-चार ठिकाणी झालं. शेवटी लांबच्या विद्यापीठाच्या बाई हसत सुटल्या, "सर, तुमचं सभागृह होडीत बांधा." सबनीस सरही हसले. हसायचं नाही असं ठरवूनही हसले.

शेवटी ठरलं ते असं. धरण बांधताना पाऊस मोजायच्या खोलीसाठी घातलेला एक पडका चौथरा बेटावर होता. त्यावर, तेवढ्याच मापाची, लोखंडी पायांवर उभी खोली. नवी जमीन फोडायची नाही, बेटावर सिमेंट कालवायचं नाही. प्रयोगशाळा आणि राहायची सोय काठावर, धरणाच्या जुन्या रिकाम्या चाळीत. मॅडम जिंकल्या. होडीत बसताना त्या दिवशी त्यांनी एक डोळा थोडासा उघडा ठेवला होता, असं किसनभाऊ सांगतात. मी नाही पाहिला.

पण बेट सांभाळायचं ठरल्यावर मॅडमनी आणखी एक गोष्ट केली, आणि तिच्यावरून वाडीत वादळ उठलं.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं आणि बेट काठाला जोडणारा एक चिंचोळा दांडा उघडा पडतो. आमची गुरं त्या दांड्यावरून बेटावर जायची आणि पाऊस लागेपर्यंत वाळकं गवत खायची. ही आजोबांपासूनची रीत. मॅडमनी दांड्यावर तारेचं कुंपण घातलं. सरकारी परवानगीच्या कागदांतही तसं लिहून दिलं, बेटावर चराई पूर्ण बंद.

मारुतीच्या देवळात गावकी बसली. रामाआबा वाडीचे जुने. ते उठले.

"बाई, तुमी शिकल्याल्या. पन येक सांगा. हे बेट आमी केलं का? डोंगर व्हता, धरणानं बेट केलं. आमची खाचरं ग्येली, आता गुरांची तोंडं बी बांदता?"

"आबा, गुरांच्या खुरांनी माती निघते. ती बोटभरच आहे. एकदा गेली की आपल्या आयुष्यात परत येणार नाही."

"इतकी सालं ग्येली न्हाई ती?"

"थोडी थोडी जातच असेल."

"आसंल?" आबांनी बरोबर तो शब्द पकडला. "आसंल म्हंजी ठाऊक न्हाई."

मॅडम म्हणाल्या, "माझी खात्री आहे, आबा." आणि चाऱ्यासाठी वेगळी जागा मिळवून देते, असा शब्द दिला. तो त्यांनी पाळला, पण जागा लांबची. गुरं हाकत रोज वरच्या घाटमाथ्याला न्यायची. दादा महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. "तुझी बाई आमच्या गुरांवर उठली," एवढंच म्हणाले. नोकरी माझी, गुरं त्यांची. जेवायला दोघांची ताटं शेजारीशेजारी.

पहिला पावसाळा गेला. गवत छान वाढलं, आम्ही सगळे खूश. दुसऱ्या पावसाळ्यात ते कमरेला लागलं. सप्टेंबरात आम्ही कातळावर आखलेल्या चौकटींतली झाडं मोजायला बसलो. दोरीनं आखलेल्या त्या लहान चौकटी, दर वर्षी त्याच, त्यांतलं एकूण एक रोपटं मोजायचं. मी गवत बाजूला सारलं. खाली मागच्या वर्षीचं वाळलेलं गवत चटईसारखं दाबून बसलेलं, आणि त्याखाली काही नाही. दुसरी चौकट, तेच. गेंद नाही, आसवं नाहीत.

"मॅडम," मी हाक मारली.

त्या आल्या, बघितलं. एकेका चौकटीपाशी जाऊन उकिडव्या बसत गेल्या. त्यांचा आवाज इतका वेळ बंद राहिलेला मी कधीच पाहिला नव्हता. मग म्हणाल्या, "काठावर चला. जिथं गुरं चरतात तिथं."

काठावरच्या कातळाचा एक तुकडा तसाच होता, कुंपणाबाहेर. घाटमाथ्याला जाता-येता तिथं उन्हाळाभर गुरं फिरली होती. आणि तिथं फुलं होती. बेटावर एके काळी होती तशी.

दादांना मी घरी सांगितलं, तेव्हा ते हसले नाहीत. मला वाटलं होतं हसतील. "आमी काय फुलांसाटी न्यायचो व्हय गुरं?" ते म्हणाले. "चारा व्हता म्हून न्यायचो. आमाला बी काय ठाऊक." हे खरं होतं. वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं, मॅडमनाही नव्हतं. गुरं वाळकं गवत खाऊन कातळ उघडा करत होती, आणि त्या उघड्या कातळावर बारीक रोपं डोकं काढत होती. तोंडं बांधली आणि गवतानं सगळं गिळलं.

समितीची बैठक पुढच्याच महिन्यात तळेगावात होती. खोलीच्या उभारणीला अंतिम मंजुरी द्यायची होती. मी चौकटींचे फोटो दाखवायला गेले होते. मॅडमनी लपवाछपवी न करता सगळं मांडलं. कुंपण माझी कल्पना, ती चुकली, दांडा उघडा करावा लागेल.

सबनीस सर म्हणाले, "मॅडम, परवानगी चराईबंदीच्या अटीवर आहे. अट आपणच दिली. आता आपणच मोडायची म्हटलं तर केंद्रच अडकेल."

"अडकेल."

"मग उद्घाटन होऊ द्या. वर्षभरानं हळूच बदल सुचवू. दोन पावसाळ्यांत असं काय बिघडतंय?"

"दोन पावसाळ्यांत आसवं गेली, सर. तिसऱ्यात त्यांचं बी तरी उरेल की नाही, मला माहीत नाही." 'माहीत नाही' हे शब्द त्यांनी असे उच्चारले, की जणू त्यासाठीच त्या आल्या होत्या. "देवळात मी खात्री आहे म्हटलं होतं. ती नव्हती. आता त्या खोट्या खात्रीवर खोली उभी करून तिला विज्ञानाचं केंद्र म्हणायचं का?"

"आणि केंद्र नाहीच झालं तर?"

मॅडमनी चष्मा काढून शर्टाला पुसला. सगळी नोकरी त्या या एका गोष्टीमागं फिरल्या होत्या, आणि निवृत्ती जवळ आली होती. "नाही झालं तर नाही," त्या म्हणाल्या. "बेट राहील ना."

परवानगी अडकलीच. वर्ष गेलं. पत्रं गेली, साहेब येऊन कातळ पाहून गेले. चूक कुणाची, हे कुठंतरी लिहायला लागतंच. मॅडमनी ती स्वतःच्या नावावर लिहून दिली, परवानगी सुटली आणि त्यांना प्रमुखपदावरून बाजूला केलं. सबनीस सर प्रमुख झाले. मला राग आला. मॅडम म्हणाल्या, "बरं झालं हो सविताताई, मीटिंगा गेल्या." पण त्या दिवशी होडीत त्या एकही गवत म्हणाल्या नाहीत. नुसत्या डोळे मिटून बसल्या.

गावकीत मात्र त्या स्वतःच गेल्या. सबनीस सर म्हणत होते, पत्र पाठवू. त्या एसटीनं आल्या आणि देवळात खाली बसल्या.

"आबा, कुंपण काढतोय. गुरं परत न्या. माझं चुकलं."

आबांनी पानाची गुळणी बाहेर टाकून यायला वेळ घेतला. मग म्हणाले, "येवढं शिकून?"

"हो."

"मंग आमी न शिकून काय वाईट क्येलं?"

देवळात हशा पिकला. मॅडमही हसल्या, पण त्यांचे डोळे भरले होते. ते आबांनी पाहिलं असावं. ते जवळ येऊन बसले. "आवं बाई, आमी बी लय चुकतो. फक्त आमाला त्येचा पगार न्हाई भेटत." पुन्हा हशा. मग आबांनी कामाचं विचारलं. किती गुरं, कुठल्या बाजूनं, राईत जाऊ नयेत म्हणून काय करायचं. मॅडमनी सांगितलं की हे मला माहीत नाही, आपण दोन-तीन वर्षं करून बघू, कमी-जास्त करू. यावर आबा म्हणाले, "हां. आता बोलल्यासारकं बोललात."

गुरं पाळीपाळीनं सोडायची, राखणीला माणूस ठेवायचा, पाणी चढायच्या आधी सगळी परत काढायची, असं ठरलं. चराईचा पहिला मान आबांच्या बैलांना.

मे महिन्यात पाणी उतरलं. तारा सोडवायला आमची पोरं होती, पण मॅडमनी पक्कड मागून घेतली. पहिली तार त्यांना तुटेना. शेवटी दादा पुढं झाले, "बाई, हितं धरा, असं," म्हणत त्यांनी त्यांच्या हातावर हात ठेवून दाबलं. माझ्या वडिलांनी परक्या बाईच्या हाताला हात लावलेला मी तेवढाच पाहिला. तार तुटली, आणि दोघं चटकन बाजूला झाले, कारण मागून आबांचे बैल निघाले होते.

उद्घाटन पुढच्या सप्टेंबरात झालं. मांडव काठावर, मंचावर तिन्ही विद्यापीठांचे मोठे लोक. आभाराच्या यादीत मॅडमचं नाव नव्हतं. मी दात-ओठ खात मागं वळून पाहिलं, तर त्या वाडीतल्या बायकांमध्ये, माझ्या आईच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपल्या होत्या. आईनं मला खुणेनं दटावलं, उठवू नकोस.

संध्याकाळच्या एसटीनं त्या परत निघाल्या. त्या वेळी त्यांची तब्येत खालावली होती, मला दिसत होतं, विचारायचं धाडस झालं नाही. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. कंडक्टर ओरडला, त्यांनी लक्ष दिलं नाही.

"सविताताई! राईच्या कडेच्या चौकटीत गेंद दिसतोय असं वाटलं मला. वाटलं, हां! उद्या जाऊन नीट मोजा!"

आवाज पार वळणापर्यंत येत राहिला. त्याच हिवाळ्यात तळेगावात त्या वारल्या.

उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी मी ते गेंद मोजले होते. सात होते.

आज बेटावर लोखंडी पायांवरची ती खोली आहे. तिन्ही विद्यापीठांची मुलं तिथं येतात आणि अनवाणी उतरतात. केंद्राचा पहिला शोधनिबंध कुंपणाच्या चुकीवर निघाला. उन्हाळ्यात आमची गुरं दांड्यावरून जातात. मी एम.एस्सी. झाले आणि चौकटींचं काम आता माझ्याकडं आहे. कातळ पुन्हा फुलतो.